रेल-टू-रेल ऑप-अँप घेऊनही आउटपुटला गाठ का पडते? (फिल्टर आणि बफर)

मिलिव्होल्ट

मंडळी, एका सर्किटवर घोडं अडलंय. आधी जोडणी सांगतो.

१० किलोओहमचा पोझिशन पॉट (फिरवायचा रेझिस्टर, त्याचा सरकता मधला पाय म्हणजे वायपर), वरचं टोक ५ व्होल्टला, खालचं ग्राउंडला. वायपरवरून थेट दुसऱ्या ऑर्डरचा युनिटी गेन सॅलन-की लो पास (एका ऑप-अँपवरचा फिल्टर, गेन १), कटऑफ १ किलोहर्ट्झ. दोन्ही रेझिस्टर १०.७ के, आउटपुटकडे जाणारा सी१ २२ नॅनोफॅरड, ग्राउंडला जाणारा सी२ १० नॅनोफॅरड. ऑप-अँप एमसीपी ६००२, सिंगल ५ व्होल्ट. पुढे १२ बिट एडीसी (व्होल्टेजचा ० ते ४०९५ असा आकडा, म्हणजे काउंट, करणारा भाग), संदर्भ तोच ५ व्होल्ट, सेकंदाला १०,००० सॅम्पल. शेजारी मोटर आहे, तिचं पीडब्ल्यूएम (मोटर चालवणाऱ्या चालू-बंद पल्स) १६ किलोहर्ट्झचं.

तक्रारी तीन.
१. पॉट सावकाश वर नेला की ४ व्होल्टच्या जरा अलीकडे रीडिंग दोन-तीन काउंट एकदम सरकतं. तिथून पुढे सरळ. हीच ती गाठ.
२. तळाला शेवटचे ३०-३५ काउंट मिळतच नाहीत. पॉट शून्यावर, रीडिंग ३५ वर.
३. मोटर चालू केली की फिल्टर असूनही बारीक काटे दिसतात.

डेटाशीटच्या पहिल्याच ओळीत 'रेल-टू-रेल इनपुट आणि आउटपुट' लिहिलंय, म्हणजे सप्लायच्या दोन्ही टोकांपर्यंत (रेल) चालायला हवा. मग चुकतंय कुठे? जास्त चांगला ऑप-अँप घ्यावा का?

ओहमदास

रूळ शेवटपर्यंत असतो हो, गाडी मात्र फलाटाच्या अलीकडेच थांबते. :)

पहिली ओळ वाचून थांबू नका, आउटपुट स्विंगची ओळ बघा. १० के लोड मधल्या व्होल्टेजला बांधलेला असेल तर दोन्ही रेलपासून २५ मिलिव्होल्टची हमी आहे. तुमचा एक काउंट १.२२ मिलिव्होल्टचा, म्हणजे २० काउंट तिथेच गेले. पण तुमचे ३५ जाताहेत, म्हणजे आउटपुटवर आणखी काहीतरी लटकतंय. नुसता एडीसी असता तर ऑप-अँप तळापासून काही मिलिव्होल्टवर पोचला असता. काय जोडलंय?

मिलिव्होल्ट

हो, ४.७ के चा पुल-अप आहे. आधीच्या बोर्डवर तिथे कंपॅरेटर होता, त्याचा राहून गेला.

ओहमदास

सापडला चोर. रेलजवळ गेल्यावर आउटपुटचा मॉसफेट पूर्ण उघडतो आणि साध्या रेझिस्टरसारखा वागतो. पुल-अपमधून तळाला जवळपास १.०६ मिलिअँपिअर येतो. ३५ काउंट म्हणजे ४३ मिलिव्होल्ट. भागाकार केला तर सुमारे ४० ओहम, म्हणजे हिशेब अगदी चोख जुळतो. पुल-अप काढा, दुसरी तक्रार बरीचशी तिथेच मिटेल. 'बरीचशी' म्हणतोय, कारण लोड नसला तरी अगदी शून्य व्होल्ट मिळणार नाही. शून्य हवंच असेल तर ऑप-अँपला ग्राउंडखालची थोडी निगेटिव्ह सप्लाय द्यावी लागते. पॉटसाठी तो खटाटोप कोणी करू नये.

शून्यरेल

पहिल्या तक्रारीबद्दल लिहितो, कारण खरी मेख तिथे आहे.

रेल-टू-रेल इनपुट म्हणजे आत एक नाही, दोन इनपुट जोड्या. पीमॉसची जोडी खालच्या रेलपासून वर बऱ्याच अंतरापर्यंत काम करते. वरच्या रेलच्या एक-दीड व्होल्ट अलीकडे तिचा दम संपतो आणि एनमॉसची जोडी सूत्रं हाती घेते. दोन्ही जोड्यांचा ऑफसेट (दोन इनपुटमधला अंगचाच बारीक फरक) वेगवेगळा असतो. पहिलीचा समजा +१.५ मिलिव्होल्ट, दुसरीचा उणे १, तर हात बदलताना आउटपुट अडीच मिलिव्होल्ट सरकणारच. तुमचे दोन काउंट ते हेच.

बदल नेमका कुठे होतो हे आयसीनुसार ठरतं. ओपीए ३४० च्या डेटाशीटमध्ये वरच्या रेलखाली १.५ ते १.१ व्होल्ट हा पट्टा दिलाय, आणि तो नगागणिक ०.३ व्होल्ट इकडेतिकडे होऊ शकतो असंही लिहिलंय. एमसीपी ६००२ चंही साधारण त्याच भागात होतं.

डेटाशीटमध्ये हे कुठे लपलेलं असतं? सीएमआरआरच्या ओळीत (दोन्ही इनपुट एकत्र वर-खाली झाले तर ऑफसेट किती कमी बदलतो ते प्रमाण). एमसीपी ६००२ ला पूर्ण इनपुट पट्ट्यावर किमान ६० डीबीची हमी आहे. ६० डीबी म्हणजे हजारपट. इनपुट ५ व्होल्ट फिरलं तर ऑफसेट ५ मिलिव्होल्टपर्यंत बदलू शकतो, म्हणजे चार काउंट. तुमचा नग हमीच्या आतच आहे. आयसी खराब नाही.

सोल्डरवाला

शून्यरेल यांनी सांगितलंय ते मीटरवर अर्ध्या तासात पडताळता येतं. मोटर बंद ठेवा. डिजिटल मीटर मिलिव्होल्ट डीसीवर. एक टोक पॉटच्या वायपरवर, दुसरं ऑप-अँपच्या आउटपुट पिनवर. थेट प्लस पिनवर टोक लावू नका, मीटरच्या तारांची कपॅसिटन्स आणि गुणगुण तिथे घुसते. सीमॉस इनपुटचा बायस करंट (इनपुट पिनमधून वाहणारा बारीक करंट) पिकोअँपिअरमध्ये असतो, त्यामुळे मधल्या २१.४ के वर डीसी ड्रॉप नसल्यातच जमा.

आता पॉट ०.२ व्होल्टपासून ०.२ च्या पायऱ्यांनी वर न्या, प्रत्येक पायरीला मीटर लिहून घ्या. ३.४ पासून पुढे पायरी ०.०५ करा. दिसेल ते असं: बराच वेळ आकडा एकाच जागी, मग दोन-चार पायऱ्यांत घसरण, पुढे पुन्हा स्थिर. घसरण जिथे सुरू होते तो आकडा बोर्डावर पेन्सिलने लिहून ठेवा. सप्लाय ५ वरून ४.७ केली की तो आकडाही तेवढाच खाली सरकला पाहिजे. सरकला नाही तर दोष दुसरीकडे, बहुधा पॉटच्या ट्रॅकमध्ये.

जुनी_डेटाशीट

या सगळ्यासाठी ऑप-अँप हवा तरी कशाला? एक रेझिस्टर, एक कपॅसिटर आणि सॉफ्टवेअरमध्ये १६ सॅम्पलची सरासरी. पॉटच आहे, सॅटेलाइट नाही.

फॅराडकन्या

काका, सरासरी एडीसीनंतर होते. सॅम्पल घेतानाच जे खाली दुमडून आलं ते सरासरीला ओळखू येत नाही. इथे १६ किलोहर्ट्झचा कचरा १० किलो सॅम्पलला ४ किलोहर्ट्झवर उतरतो. तो एक वेळ डिजिटल फिल्टरने काढता येईल. पण उद्या कोणी सॅम्पलिंग ८ किलोवर नेलं तर हाच कचरा थेट शून्य हर्ट्झवर येऊन बसेल, आणि पॉट न हलवता पोझिशन बदललेली दिसेल. १ किलोहर्ट्झचा साधा आरसी १६ किलोहर्ट्झला २४ डीबी दाबतो, दुसऱ्या ऑर्डरचा ४८. फरक सोळापट आहे.

जुनी_डेटाशीट

बरं बाई, मान्य. पण पीडब्ल्यूएमशी ताळमेळ ठेवून, दोन एजच्या मधोमध सॅम्पल घेतलं तर निम्मं दुखणं फुकटात जातं, तेवढं धाग्यात नोंदवून ठेवतो.

फॅराडकन्या

त्याला मात्र +१. पण ते फिल्टरसोबत करायचं, फिल्टरऐवजी नाही.

तिरपा_ट्रेस

मला वाटतं मूळ निवडच चुकली आहे. सॅलन-की युनिटी गेनमध्ये ऑप-अँपची प्लस पिन सिग्नलबरोबर तळापासून वरपर्यंत नाचते, म्हणूनच दोन जोड्यांचा प्रश्न येतो. मल्टिपल फीडबॅक (उलटं आउटपुट देणारी फिल्टरची दुसरी जोडणी) वापरा. तिथे प्लस पिन २.५ व्होल्टला बांधलेली, मायनस पिनही फीडबॅकमुळे तिथेच. इनपुट जागचं हलत नाही, क्रॉसओव्हर (एका जोडीकडून दुसरीकडे जाणं) उद्भवतच नाही. मग रेल-टू-रेल इनपुटवर पैसे घालायची गरज नाही, फक्त आउटपुट रेल-टू-रेल पुरतं.

किमती: तिन्ही रेझिस्टर १५.८ के. मधल्या नोडवरून ग्राउंडला २२ नॅनो, मायनस पिन ते आउटपुट ४.७ नॅनो. तिन्ही रेझिस्टर सारखे असले की क्यू (कटऑफपाशी आलेख किती टोकदार ते) म्हणजे दोन कपॅसिटरच्या गुणोत्तराचं वर्गमूळ भागिले ३. इथे तो ०.७२ येतो, बटरवर्थच्या (सपाट आलेखाच्या) ०.७०७ ला खेटून. कटऑफ सुमारे ९९० हर्ट्झ. गेन उणे १, त्यामुळे आउटपुट म्हणजे ५ वजा इनपुट. सॉफ्टवेअरमध्ये ४०९५ मधून वजा केलं की सुलट.

ओहमदास

सूत्र बरोबर. पण त्या जोडणीत डीसीला नॉइज गेन २ असतो, म्हणून ऑफसेट दुप्पट होऊन बाहेर येतो. एमसीपी ६००२ चा कमाल ऑफसेट ४.५ मिलिव्होल्ट, आउटपुटला ९. स्थिर असल्यामुळे एकदा कॅलिब्रेट करून टाकता येतो हे खरं, पण आधी माहीत हवं.

फॅराडकन्या

त्याहून मोठी अडचण आहे, तिरपा_ट्रेस. तुम्ही पॉट विसरलात.

१० के पॉटचा वायपर मधोमध असताना त्याचा सोर्स रेझिस्टन्स २.५ के असतो, टोकांना शून्य. मल्टिपल फीडबॅकमध्ये तो सरळ पहिल्या रेझिस्टरमध्ये मिळतो. १५.८ चे झाले १८.३ आणि गेन १ वरून ०.८६ वर आला, तोही फक्त मध्यावर, टोकांना पुन्हा १. सरळ रेषेचा पॉट वाकडा झाला. दोन काउंटची गाठ सोडवायला जाऊन कित्येक टक्क्यांची चूक पदरात घेतली. आगीतून फुफाट्यात.

सॅलन-कीमध्ये डीसी गेन तरी सुरक्षित राहतो, फक्त कटऑफ हलतो. धागाकर्त्यांच्या किमतींना टोकाशी १००३ हर्ट्झ, मध्यावर ९०३.

तिरपा_ट्रेस

मान्य, ते ध्यानात आलं नाही. मग आधी एक बफर टाकायचा. दुहेरी आयसी आहेच, दुसरा अर्धा भाग मोकळाच बसलाय.

शून्यरेल

आणि त्या बफरच्या प्लस पिनवर पुन्हा शून्य ते ५ व्होल्ट. गाठ परत दारात हजर. :)

बफर हीच रेल-टू-रेल इनपुटची सर्वात कठीण परीक्षा आहे. त्यात बायपोलर इनपुटचा रेल-टू-रेल ऑप-अँप असेल तर जोडी बदलताना बायस करंटची दिशाही उलटते. १०० के च्या सोर्सवर १०० नॅनोअँपिअरचा फरक म्हणजे सरळ १० मिलिव्होल्ट. सीमॉसमध्ये निदान हे दुखणं नाही.

क्रॉसओव्हर नसलेले ऑप-अँपही मिळतात. ओपीए ३६५, ओपीए ३२०. आत चार्ज पंप असतो, तो इनपुट स्टेजला सप्लायपेक्षा वरचं व्होल्टेज देतो, म्हणून एकाच जोडीत काम भागतं. १६ बिटच्या एडीसीपुढे ते योग्यच. पण ओपीए ३६५ हा ५० मेगाहर्ट्झचा प्राणी आहे. १ किलोहर्ट्झच्या पॉटपुढे तो बसवला तर लेआउट आणि डीकपलिंगला तितकाच मान द्यावा लागेल. १२ बिटसाठी मी तरी हा रस्ता घेणार नाही.

गुणगुण_५०

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सोल्डरवाला

तिसऱ्या तक्रारीकडे कोणी बघितलं नाही अजून.

सॅलन-कीची जुनी खोड आहे ही. पीडब्ल्यूएमच्या एजमध्ये मेगाहर्ट्झपर्यंतचा माल असतो. त्या फ्रीक्वेन्सीला १ मेगाहर्ट्झच्या ऑप-अँपमध्ये गेन उरलेलाच नसतो, आउटपुट पिन नुसती काहीशे ओहमच्या रेझिस्टरसारखी दिसते. सी१ तिथे शॉर्टच. मग कचरा पहिल्या रेझिस्टरमधून सी१ मार्गे थेट आउटपुटला. ऑप-अँपला वळसा घालून! आलेखात उतार खाली जाता जाता थांबतो आणि वर वळतो, तो यामुळे.

आउटपुट इम्पीडन्स समजा ५०० ओहम. १०.७ के बरोबर विभागणी केली तर फक्त २७ डीबी. तोच रेझिस्टर १०७ के केला तर ४६ च्या वर. म्हणजे रेझिस्टर दसपट, कपॅसिटर दशांश, एवढ्यानेच २० डीबीच्या आसपास फायदा. शिवाय फिल्टरनंतर आरसीचा एक टप्पा: २२० ओहम मालिकेत आणि एडीसीच्या पायाशी १० नॅनो. त्याचा कोपरा ७२ किलोहर्ट्झवर येतो, १ मेगाहर्ट्झला आणखी जवळपास २३ डीबी.

मिलिव्होल्ट

१०७ के घेतले तर रेझिस्टरचा नॉइज वाढेल ना? म्हणूनच १० के च्या घरात ठेवले होते.

ओहमदास

वाढेल, पण कुणाच्या तुलनेत? १०७ के चा नॉइज हर्ट्झच्या वर्गमुळाला सुमारे ४२ नॅनोव्होल्ट. असे दोन मिळून ६० च्या आत, ऑप-अँपचा स्वतःचा २८. किलोहर्ट्झभर बँडविड्थवर सगळं मिळून दोन-अडीच मायक्रोव्होल्ट. काउंट १.२२ मिलिव्होल्टचा. पाचशेपटीने लहान गोष्टीची काळजी करू नका. बायस करंटचं म्हणाल तर एक पिकोअँपिअर गुणिले २१४ के, म्हणजे ०.२ मायक्रोव्होल्ट.

लक्ष द्यायचं ते बोर्डच्या स्वच्छतेकडे. फ्लक्स तसाच राहिला तर दमट हवेत गळती सुरू होते आणि ती या रेझिस्टरवर दिसते. प्लस पिनचा ट्रेस आखूड ठेवा. १ नॅनोसमोर ५ पिको स्ट्रे म्हणजे अर्धा टक्का, तो चालेल.

फॅराडकन्या

आणि सोर्स रेझिस्टन्सचं दुखणंही त्यातच जातं. २.५ के १०७ के पुढे किस झाड की पत्ती. कटऑफ सव्वा टक्का हलेल, बस.

आणखी एक. ते २२ आणि १० नॅनो कोणत्या जातीचे आहेत? एक्स७आर (सिरॅमिकची एक जात) असतील तर आधी बदला. व्होल्टेज चढलं की त्यांची कपॅसिटन्स घसरते, म्हणजे वायपर कुठे आहे त्यावर कटऑफ अवलंबून. वर ते पिझोइलेक्ट्रिक असतात, मोटरशेजारी थरथरले की स्वतःच मिलिव्होल्ट तयार करतात. हा काट्यांचा आणखी एक संशयित. २.२ आणि १ नॅनोमध्ये सी०जी (सिरॅमिकची स्थिर जात) लहान आकारात सहज मिळतात. डीकपलिंगला एक्स७आर खुशाल वापरा, फिल्टरच्या मार्गात नको.

मिलिव्होल्ट

एक्स७आरच आहेत. :(

२२० ओहमबद्दल: आउटपुटला थेट १० नॅनो लावला तर? रेझिस्टरशिवाय?

शून्यरेल

तर फिल्टरऐवजी ऑसिलेटर मिळेल. रेल-टू-रेल आउटपुटमध्ये ड्रेन, किंवा बायपोलरमध्ये कलेक्टर, बाहेर आलेला असतो. त्यामुळे उघड्या लूपचा आउटपुट इम्पीडन्स मोठा असतो, आणि कपॅसिटर लावला की फेज मार्जिन (ऑसिलेशन सुरू होण्याआधीची शिल्लक) पार खाली. एमसीपी ६००२ ला युनिटी गेनमध्ये १०० पिकोच्या वर लोड असेल तर मालिकेत रेझिस्टर टाका, असं त्याच्या डेटाशीटमध्येच आहे.

एडीसीच्या बाजूनेही तो आरसी हवाच. आतला सॅम्पल कपॅसिटर दहाएक पिकोचा धरा. तो जोडला जातो त्या क्षणी चार्ज मागतो, बाहेरचा १० नॅनो त्याच्या हजारपट असल्यामुळे व्होल्टेज जेमतेम हलतं. १२ बिटच्या अर्ध्या काउंटपर्यंत पूर्ण स्थिरावायला नऊ टाइम कॉन्स्टंट लागतात. २२० ओहम गुणिले १० नॅनो म्हणजे २.२ मायक्रोसेकंद, नऊ वेळा २०. तुमच्या दोन सॅम्पलमध्ये १०० मायक्रोसेकंद आहेत, भरपूर.

गुणगुण_५०

अवांतर: सिम्युलेशनमध्ये धागाकर्त्यांचं सर्किट चालवून बघितलं. ना गाठ, ना काटे. आलेख लोण्यासारखा.

तिरपा_ट्रेस

कंपनीच्या मॅक्रोमॉडेलमध्ये दोन इनपुट जोड्यांमधली अदलाबदल बहुतेक वेळा घातलेलीच नसते. काहींत तर उच्च फ्रीक्वेन्सीचा आउटपुट इम्पीडन्सही धड नसतो. मॉडेल फाइलच्या सुरुवातीच्या टिपणीत काय काय घातलंय ते लिहिलेलं असतं, ते वाचा. आणि पॉटऐवजी आदर्श व्होल्टेज सोर्स ठेवला असेल तर कटऑफचं हलणंही दिसणार नाही.

गुणगुण_५०

आदर्श सोर्सच ठेवला होता. गप बसतो.

सोल्डरवाला

तो मोकळा अर्धा भाग तसाच तरंगत ठेवला नाहीये ना? इनपुट मोकळ्या सोडल्या की तो भाग मनाप्रमाणे डोलतो, सप्लायचा करंट वाढतो आणि शेजारच्या भागात गुणगुण जाते. मायनस पिन आउटपुटला, प्लस पिन सप्लायच्या मध्यावर कुठेतरी. दोन १०० के पुरे. आणि १०० नॅनोचा डीकपलिंग कपॅसिटर सप्लाय पिनच्या अगदी अंगाला.

शून्यरेल

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण गाठ अजून सुटलेली नाही. नवा ऑप-अँप नको, टोपोलॉजी बदलायला नको. सिग्नलच त्या भागात जाऊ देऊ नका.

पहिला मार्ग: पॉटच्या वर ६.८ के, खाली ६२० ओहम. वायपर ०.१८ ते ३.०५ व्होल्टमध्ये राहील. तळाचे काउंट बुडणं टळलं, वरची गाठही. बदल्यात ४०९६ ऐवजी सुमारे २३५० काउंट हाती. ५.१ के चा मोह होईल, जास्त काउंट मिळतात म्हणून. पण पॉटची टॉलरन्स २० टक्के असते. १२ के चा निघाला तर वरचं टोक ३.५६ वर जाऊन क्रॉसओव्हरच्या उंबऱ्याला टेकेल.

मिलिव्होल्ट, तुमच्या एडीसीला बाहेरून संदर्भ देता येतो का?

मिलिव्होल्ट

येतो, वेगळी पिन आहे. आत्ता ५ व्होल्टला बांधलेली आहे.

शून्यरेल

मग दुसरा मार्ग, आणि तोच चांगला. ३.० व्होल्टचा रेफरन्स आयसी घ्या. त्यावरूनच एडीसीचा संदर्भ आणि त्यावरूनच पॉट. ऑप-अँप ५ व्होल्टवरच राहू दे. सिग्नल ३ च्या वर जाणार नाही, सप्लाय ४.७५ पर्यंत घसरली तरी पहिली जोडीच काम करत राहील. पॉट आणि एडीसीचा संदर्भ एकच, त्यामुळे रेफरन्स थोडा सरकला तरी रीडिंग हलत नाही.

पॉटच्या दोन्ही टोकांना २२० ओहम टाका. तळाला ६३ मिलिव्होल्ट, वर २.९४ व्होल्ट. ऑप-अँपचा ४.५ मिलिव्होल्टचा ऑफसेट कुठल्याही बाजूला आला तरी एडीसी टोकाला आपटणार नाही. काउंट मिळतील ३९०० च्या वर. पॉटचा करंट ०.२९ मिलिअँपिअर, तेवढा बहुतेक रेफरन्स आयसी सहज देतात. त्यांना आउटपुटला किती कपॅसिटर चालतो ते मात्र बघून घ्या, काही त्याबाबतीत नाजूक असतात.

ओहमदास

फक्त एक इशारा. ज्यांचा कंट्रोलरच ३.३ वर चालतो त्यांनी हे जसंच्या तसं उचलू नये. सप्लाय सुरू होताना ५ व्होल्टचा ऑप-अँप ३.३ च्या पिनवर ५ ढकलू शकतो. २२० ओहममधून तो करंट ६ मिलिअँपिअरच्या पुढे जातो. तिथे १ के टाका, दीड मिलिअँपिअरच्या आत राहील. सेटलिंगचा हिशेब नव्याने करा, ९० मायक्रोसेकंद लागतील, तेव्हा १० नॅनोचा ४.७ करा. धागाकर्त्यांचा कंट्रोलर ५ चा आहे ना?

मिलिव्होल्ट

हो, ५ चाच.

जुनी_डेटाशीट

थांबा. सिग्नल ३ व्होल्टच्या आत, सप्लाय ५ ची. मग आमचा बिचारा एलएम ३५८ काय वाईट? त्याचं इनपुट ग्राउंडपर्यंत जातं, आउटपुट साडेतीनपर्यंत. इनपुट जोडी एकच. तुमच्या भाषेत क्रॉसओव्हर नाहीच!

फॅराडकन्या

काका, इनपुटला नाही, आउटपुटला आहे. :) त्याचा आउटपुट स्टेज करंट देणं आणि ओढणं यांच्यामधल्या अदलाबदलीत अडखळतो, गाठ तिकडून येते. ग्राउंडजवळ तो ५० मायक्रोअँपिअरच्या आसपासच ओढू शकतो, त्यावर लोड आला की तळ वर उचलला जातो. आणि बायस करंट २० ते ४५ नॅनोअँपिअर. आपण रेझिस्टर १०७ के केलेत, दोन मिळून २१४. गुणाकार करा, ४ ते साडेनऊ मिलिव्होल्ट, तापमानाबरोबर हलणारे. ०.७३ मिलिव्होल्टच्या काउंटला तेराएक काउंट.

जुनी_डेटाशीट

१० के वर आणला की १ मिलिव्होल्टच्या आत येतो.

फॅराडकन्या

आणि काटे परत येतात, शिवाय पॉटबरोबर कटऑफ पुन्हा हलायला लागतो.

जुनी_डेटाशीट

तलवार म्यान.

मिलिव्होल्ट

सगळ्यांचे आभार. मीटरची चाचणी केली. वायपर ३.७ पर्यंत फरक +०.९ मिलिव्होल्ट, ४.० च्या पुढे उणे १.७. सप्लाय ४.७ केल्यावर सगळं ०.३ ने खाली सरकलं. म्हणजे शून्यरेल म्हणाले तेच.

नवीन यादी: रेफरन्स ३.० व्होल्ट, पॉटच्या दोन्ही टोकांना २२० ओहम, फिल्टरला १०७ के दोन, सी१ २.२ नॅनो, सी२ १ नॅनो, दोन्ही सी०जी. पुल-अप काढला. मोकळा भाग दोन १०० के वर बांधला. आउटपुटला २२० ओहम आणि १० नॅनो, सी१ चं टोक त्या १० नॅनोच्या नोडला. बरोबर?

सोल्डरवाला

शेवटचं चुकलं. सी१ चं टोक आणि मायनस पिन, दोन्ही ऑप-अँपच्या आउटपुट पिनवरच, २२० ओहमच्या अलीकडे. पलीकडे घेतलं तर तो रेझिस्टर फीडबॅकच्या आत येतो आणि १० नॅनो पुन्हा लूपच्या उरावर बसतो. बाकी यादी ठीक. ते १० नॅनोही सी०जीच घ्या.